चाच्याचा पट्टा एवढा रुंद नव्हता

या वेळी पत्रांचा गठ्ठा जवळजवळ एकाच विषयावरचा आलाय: समुद्री चाच्यांच्या रीइनॅक्टमेंटसाठी (म्हणजे जुना काळ वेशासकट पुन्हा उभा करण्याच्या खेळासाठी) चामड्याचं आणि लाकडाचं सामान स्वतः कसं बनवायचं, आणि ते खरंच त्या काळातलं दिसावं म्हणून काय करायचं. काहींनी फोटो पाठवलेत, काहींनी तर स्वतःचं हसू करून घेतल्याचे किस्से. ज्यांनी काळ लिहिलेला नाही त्यांच्यासाठी मी साधारण 1690 ते 1725 धरलाय, म्हणजे किड, बेलमी, ब्लॅकबिअर्ड, रॉबर्ट्स या गाजलेल्या चाच्यांचा, कारण बहुतेक ग्रुप त्याच काळात खेळतात.

प्रश्न: ताई, सहा महिने खपून मी सेट बनवला. चार इंची पट्टा आणि त्याला तळहाताएवढं बक्कल, गुडघ्यापर्यंतचे बूट, चामड्याची तिकोनी हॅट, मनगटाला चामड्याचे पट्टे. पहिल्याच कार्यक्रमात ग्रुपमधले एक सीनियर म्हणाले, काम सुंदर आहे पण यातलं काहीच चालणार नाही. मला फार लागलं. खरंच एवढं चुकलंय का?

हो, चुकलंय, आणि त्यांनी निदान काम सुंदर आहे म्हटलं, मला तर माझ्या पहिल्या पट्ट्याला बघून एकांनी विचारलं होतं की हे घोड्याचं आहे का.

मुळात गोंधळ असा आहे की आपल्या डोक्यातला चाचा हा 1700 सालचा नाहीच, तो हॉवर्ड पाइल नावाच्या अमेरिकन चित्रकाराचा आहे. हा माणूस 1853 ते 1911 या काळातला, म्हणजे शेवटचा नावाजलेला चाचा मेल्यावर सव्वाशे वर्षांनी जन्मलेला, आणि कमरेचे रंगीत शेले, डोक्याचे रुमाल, तो सगळा झगमगाट त्याच्या चित्रांतून पसरला आणि मग सगळ्यांनी तोच उचलला. खरा चाचा म्हणजे बहुतेक वेळा पगार न मिळालेला खलाशी. काल व्यापारी जहाजावर होता, आज चाच्यांच्या जहाजावर आहे, कपडे तेच, चाकू तोच, पेटीही तीच. म्हणून मी सगळ्यांना सांगते की चाच्याचं सामान बनवू नका, खलाशाचं बनवा.

आणि खलाशाचं काय होतं ते बऱ्यापैकी माहिती आहे. इंग्लंडच्या नौदलाने 1706 मध्ये खलाशांना विकायच्या तयार कपड्यांचा जो ठेका दिला त्याची यादी शिल्लक आहे, आणि त्यात चामडं कुठे कुठे येतं ते बघण्यासारखं आहे. चामड्याच्या टोप्या आहेत, लाल सुती कापड लावलेल्या आणि आतून काळं लिनन. दुहेरी सोलचे गोल नाकाचे बूट आहेत, पितळी बक्कल आणि त्याची जीभ लोखंडाची. आणि मला सगळ्यात आवडलेली गोष्ट, विजारीला तीन खिसे आणि तेही चामड्याचे, कारण खलाशी खिशात चाकू, दाभण, खिळे काय वाट्टेल ते कोंबणार आणि कापडाचा खिसा आठवड्यात फाटणार. यादीत गुडघ्यापर्यंतचे बूट नाहीत, ते घोडेस्वाराचे. ओल्या डेकवर, दोरांच्या शिड्यांवर ते घालून चढून दाखवा म्हणजे कळेल का नाहीत ते. तिकोनी हॅट फेल्टची, म्हणजे लोकर किंवा बीव्हरचे केस दाबून केलेल्या कापडाची, चामड्याची नाही. मनगटाचे पट्टे कुठून आले देव जाणे, बहुधा तिरंदाजांकडून.

पट्ट्याचं म्हणाल तर तलवारीचा पट्टा असायचा, पण साधारण दीड-दोन इंची, बक्कल लहान, आणि तलवार अडकवायला त्याला एक चामड्याची खोळ. खांद्यावरून तिरपा जाणारा रुंद पट्टा आधीच्या पिढीचा, 1700 च्या आसपास तो मागे पडत चालला होता.

तुमचं सामान फुकट गेलं असं मात्र नाही. चार इंची पट्ट्यातून उभे चिरून दोन पट्टे निघतील, बुटाच्या वरच्या भागातून चाकूचं म्यान आणि खिसे निघतील, हॅटचं चामडं टोपीला पुरेल. बक्कल तेवढं भिंतीला लावा.

प्रश्न: चामडं कुठलं घ्यायचं? दुकानदार सगळ्यालाच ओरिजिनल लेदर म्हणतो.

ओरिजिनल सगळंच असतं हो, प्रश्न कमावलंय कशात याचा आहे. आज बाजारातलं बहुतेक चामडं क्रोमचं, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेलं असतं, आणि ही पद्धत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातली, धंद्याला चालेल अशी पद्धत ऑगस्टस शुल्ट्झने 1884 मध्ये पेटंट केली. आपल्याला हवं झाडाच्या सालीत कमावलेलं, ज्याला आता सगळे व्हेज टॅनच म्हणतात. त्या काळी इंग्लंडमध्ये जाड कातडी ओकच्या सालीच्या खड्ड्यांत वर्षभर आणि कधी त्याहून जास्त पडून राहायची, क्रोमचं काम आज दिवसांत उरकतं, त्यामुळे किमतीत फरक का ते समजून घ्या आणि घासाघीस कमी करा.

ओळखायचं कसं? कडेचा काप बघा, क्रोमचं आतून निळसर-राखाडी असतं (रंगवलेलं असेल तर फसगत होऊ शकते), सालीचं आतून तपकिरी. पाण्याचा थेंब टाका, सालीचं चामडं तो पितं आणि गडद होतं. ओलं करून वाकवून वाळवलं की ते तो आकार धरून ठेवतं, क्रोमचं पुन्हा लोळतं. आणि शेवटची परीक्षा म्हणजे लहानसा तुकडा जाळायचा, क्रोमची राख हिरवट येते, पण हे मोकळ्या हवेत करा आणि धूर नाकात घेऊ नका.

जाडी: पट्टा आणि तलवारीची खोळ साडेतीन ते चार मिमी, म्यान दोन-अडीच, टोपी दीड, खिशाला त्याहून पातळ आणि मऊ. तलवारीच्या पट्ट्यांना बफ नावाचं तेलात कमावलेलं जाड, मऊ, पिवळसर चामडंही वापरात होतं, मिळालं तर घ्या, पण नाही मिळालं म्हणून अडून बसू नका.

काळा रंग बाटलीतला नको. एका बरणीत व्हिनेगर घ्या, त्यात गंजके खिळे किंवा साबणाने तेल काढलेली लोखंडी लोकर (स्टील वूल) टाका, झाकण सैल ठेवा कारण गॅस सुटतो (मी घट्ट लावलं होतं, माळा दोन दिवस वास मारत होता), दहा-पंधरा दिवसांनी गाळून ते पाणी व्हेज टॅनवर ब्रशने मारा. बघता बघता चामडं राखाडी होतं आणि मग काळं, कारण लोखंड सालीतल्या टॅनिनशी रिअ‍ॅक्ट होतं, म्हणजे रंग वर बसत नाही, चामड्याचाच होतो, हाताला आणि कपड्याला लागत नाही. जुने कारागीर लोखंडाचा हाच गुण वापरायचे, हिराकस घालून. नंतर सोडा घातलेल्या पाण्याने पुसून घ्यायचं आणि तेल नाहीतर चरबी भरपूर द्यायची, नाहीतर ते कडक होऊन तडकतं. क्रोमच्या चामड्यावर हे होतच नाही, त्यामुळे ही आणखी एक परीक्षा झाली.

हौस असेल तर आधी लॉगवुडच्या लाकडाचा काढा मारा आणि मग लोखंडाचं पाणी, काळा रंग जास्त खोल येतो. आणि हे लाकूड या विषयात घरचंच आहे बरं का! मेक्सिको-मध्य अमेरिकेच्या किनाऱ्याला, काम्पेचे आणि होंडुरासच्या आखातांत इंग्रज लोक दलदलीत राहून हे लाकूड तोडायचे, रंगासाठी युरोपात विकायचे, आणि स्पॅनिशांनी हाकललं की त्यातले कितीतरी सरळ चाचे व्हायचे. विल्यम डॅम्पियर नावाच्या इंग्रज खलाशाने 1670 च्या दशकात हे काम स्वतः केलंय.

प्रश्न: शिलाई मशीनवर केली तर कुणाला कळणार आहे? आणि रिव्हेट चालतील का? मी पितळेचे घेतलेत, जुने दिसतात.

कळतं. मशीनचा टाका म्हणजे वरचा दोरा वर, खालचा खाली, मध्ये गाठ. हातचा म्हणजे एकच दोरा, दोन्ही टोकांना सुया, आरीने भोक पाडायचं आणि दोन्ही सुया त्याच भोकातून समोरासमोर काढायच्या. एक टाका तुटला तरी बाकीचे सुटत नाहीत, मशीनचं एक टोक सुटलं की उसवत जातं. म्हणजे हे नुसतं दिसण्यापुरतं नाहीये.

दोरा लिननचा. पॉलिस्टरचा घेऊ नका, तो चमकतो आणि फोटोत लगेच ओळखू येतो. चार-पाच पदर एकत्र वळून त्याला राळ आणि मेणाचं मिश्रण चोळायचं, यात थोडी चरबी घातली की थंडीत कडक होत नाही, प्रमाण हवेवर ठरतं, बोटात चुरगळून बघायचं, तुटलं तर चरबी वाढवा, चिकटून राहिलं तर राळ. त्या काळचे चांभार सुईऐवजी रानडुकराचा राठ केस वापरायचे, केसाचं टोक चिरून त्यात दोरा वळून बसवायचा, म्हणजे वाकड्या भोकातूनही तो वळत जातो. मी शिकले, महिनाभर शिव्या घातल्या, आता सुईवर परत जावंसं वाटत नाही. पण पहिल्या कामाला बोथट सुया चालतील, तो तपशील तुमच्याशिवाय कुणाला दिसत नाही. टाके पट्ट्याला इंचात सहा ते आठ, बुटाच्या वरच्या भागाला दहा-बारा तरी.

रिव्हेट नाही. म्हणजे भरीव तांब्याचा खिळा ठोकून पसरवणं जुनंच आहे, पण तुमच्या फोटोतले ते पोकळ, दोन भागांचे, गोल टोपीचे आहेत, ते कारखान्यातले. टिचबटण 1885 चं. दोरी ओवायच्या भोकाला धातूची रिंग 1820 च्या दशकातली, त्याआधी भोक नुसतं पाडायचे किंवा कापडावर असेल तर दोऱ्याने काठ शिवायचे. म्हणजे तुमची बॅग जिथे जिथे टक् आवाज करून बंद होते, तिथे तिथे ती दीडशेहून जास्त वर्षं उशिराची आहे. बक्कल शिवून लावा, वादी दुमडून दोन ओळी टाके, बास.

प्रश्न: ब्लॅकबिअर्डसारखे छातीवर सहा पिस्तुलं अडकवायचे होल्स्टर बनवायचेत. पॅटर्न आहे का?

पॅटर्न शिल्लक नाही, फक्त वर्णन आहे. चाच्यांवरचं जे गाजलेलं पुस्तक 1724 मध्ये लंडनला छापलं गेलं, त्यात ब्लॅकबिअर्डच्या खांद्यावरून पट्टा आणि त्यात पिस्तुलाच्या तीन जोड्या होल्स्टरमध्ये लटकवलेल्या, असं येतं. त्याच पुस्तकात बार्थोलोम्यू रॉबर्ट्सची पिस्तुलं रेशमी पट्ट्याच्या टोकांना बांधून खांद्यावरून सोडलेली आहेत आणि ही चाच्यांची पद्धतच होती असं म्हटलंय. आणि बेलमीच्या व्हिडा जहाजाच्या अवशेषांत रेशमी फीत बांधलेलं पिस्तूल सापडलं, त्यामुळे रेशमाच्या बाजूने वस्तूही बोलते. विचार करा, एक गोळी झाडली की पिस्तूल निकामी, पुन्हा भरायला वेळ नाही, हातातलं सोडून द्यायचं आणि पुढचं उचलायचं, फितीला बांधलेलं असेल तर ते समुद्रात जात नाही. म्हणून मी तरी म्हणेन सहा होल्स्टर शिवण्यापेक्षा एक चांगली रेशमी पट्टी आणि दोन पिस्तुलं. अगदी ब्लॅकबिअर्डच व्हायचं असेल तर साध्या नळकांड्यासारख्या खोळी करा, तळाला उघड्या, एक शिवण मागच्या बाजूला, कोरीव काम अजिबात नको.

गोळ्यांची पेटी मात्र जरूर बनवा, ती लाकूड आणि चामडं दोन्हीचं काम शिकवते. बीचचा ठोकळा, पोटाला बसेल असा आतून किंचित वक्र, त्यात ओळीने भोकं पाडायची, नऊ पुरेत, आणि त्यावर चामड्याचं लांब झाकण, पुढे खाली येणारं, म्हणजे फवारा उडाला तरी बंदुकीची दारू कोरडी.

प्रश्न: चामड्याचा पेला बनवला, आतून मेण लावलं. कार्यक्रमात कुणीतरी त्यात गरम चहा ओतला आणि पेला बसला, अक्षरशः खाली बसला. आता?

माझ्याकडून कॉफीने झालंय हे, तेव्हा हसत नाहीये. मधमाशीचं मेण 62-65 अंशांना वितळतं, त्यात उकळता चहा ओतला की आतलं अस्तर चहात आणि चामडं ओलं, आणि ओलं व्हेज टॅन गरम झालं की आखडतं, एकदा आखडलं की परत येत नाही. हा पेला नवीनच करा.

या पेल्याला इंग्रज लोक ब्लॅक जॅक म्हणायचे, चाच्यांच्या कितीतरी आधीपासून तो होता आणि नंतरही राहिला. अंग म्हणजे एकच तुकडा गुंडाळलेला, शिवण कडीच्या बाजूला येते, कडी चार-पाच थरांची त्याच शिवणीत घेतलेली, चार ओळी टाके. तळ वेगळा, गोल, त्याची कड खाली दुमडून अंगात बसवून शिवायची. शिवून झालं की थंड पाण्यात भिजवा, गरम पाण्यात बिलकुल नाही, आणि मग आत कोरडी वाळू ठासून भरा, दांडक्याने दाबत दाबत, जोवर पोट बाहेर येत नाही तोवर. वाळूने जो आकार येतो तो लाकडी साच्यातूनही येत नाही. दोन-तीन दिवस सावलीत, मग वाळू झटकून पूर्ण कोरडा होऊ द्या, घाई केलीत तर आत राहिलेली ओल अस्तराखाली बुडबुडे काढते.

अस्तर जुन्या काळी पाइनच्या राळेचं, कडक, काळं. आता बरेच जण राळ आणि मेण मिसळतात. राळ जास्त तर टिकाऊ पण पडला की तडकणार, मेण जास्त तर मऊ. पेला आधी कोमट करा, मग पातळ मिश्रण ओतून भरभर फिरवा आणि उरलेलं परत ओता. वितळवताना भांडं थेट आगीवर नको, पाण्याच्या भांड्यात ठेवून, आणि पाण्यात नुसती राळ दाद देत नाही हे लक्षात ठेवा, मेणात विरघळवत जा. दोरांना लावतात ते पाइनचं डांबर पेल्याच्या आत वापरू नका, ते पोटात जायची गोष्ट नाही.

वापरताना थंड पेयं. बिअर, पाणी, सरबत चालेल. रम वगैरे कडक दारू नको, अल्कोहोल राळ विरघळवतं आणि मग तुम्ही पाइनचं झाड पिताय असं वाटतं. पेल्यावर बाहेरून एक छोटी खूण करा आणि चहावाल्यांना दाखवून ठेवा.

प्रश्न: खजिन्याची पेटी बनवतोय, प्लायवूड, गोल झाकण, पितळी पट्ट्या, कवटी कोरलीय. झाकणाला वाक कसा द्यायचा?

देऊ नका ना. तू लिहिलंयस की कॉलेजात आहेस आणि पहिलंच लाकूडकाम आहे, मग गोल झाकण कशाला डोक्यावर घेतोस. खलाशाची पेटी सपाट झाकणाची असते कारण ती खुर्ची आहे, टेबल आहे, पत्त्यांचा पाट आहे. जहाजावर जागा किती असते, त्यात गोल पाठीची पेटी घेऊन बसणार कुठे? आणि खजिना पुरायचं म्हणशील तर किडने 1699 मध्ये गार्डिनर्स बेटावर खरंच थोडा पुरला होता, तो लगेच खणून काढून पुरावा म्हणून नेला गेला, आणि किडला 23 मे 1701 ला लंडनमध्ये फाशी झाली. नकाशा वगैरे काही नाही.

सहा फळ्यांची पेटी कर. पुढची, मागची, दोन बाजू, तळ, झाकण. पाइनची जाड फळी, पाऊण ते एक इंच. लांबी तीन फुटांच्या आत ठेव नाहीतर एकट्याला उचलणार नाही. कोपरे डव्हटेलचे (पंख्यासारखे दात एकमेकांत अडकवलेला सांधा) जमले तर उत्तम, आणि पहिल्यांदा जमत नाहीत, माझे तर आजही एखादा कोपरा लाकडाच्या चिपाट्याने भरावा लागतो, ते काही पाप नाही, त्या काळच्या सुतारानेही भरलेले असायचे. नाही जमले तर फळीत खाच घेऊन खिळे. खिळे ठोकून घडवलेले, चौकोनी अंगाचे, डोक्यावर हातोडीचे चार-पाच चपटे घाव असलेले. स्क्रू होते पण हाताने कानसलेले आणि टोकाला बोथट, टोकदार स्क्रू 1840 च्या दशकातले, आणि ती फुलीची खाच तर विसाव्या शतकातली, ती कुठेही दिसता कामा नये. झाकणाला लांब पट्टीच्या लोखंडी बिजागऱ्या, आत डाव्या हाताला एक छोटा कप्पा वर, सुया-दोरा-तंबाखूसाठी. बाजूंना लाकडाचे ठोकळे आणि त्यात दोरीच्या कड्या. दोरी हेम्पची, म्हणजे भांगेच्या खोडाच्या धाग्याची, नायलॉनची नाही हे सांगायला नको.

ज्या पेट्या म्युझियमच्या फोटोंत दिसतात, बाजू तिरक्या, तळ रुंद, झाकणाच्या आत जहाजाचं रंगीत चित्र, दोरीकामाच्या नक्षीदार कड्या, त्या बहुतेक एकोणिसाव्या शतकातल्या. फार सुंदर असतात, मोह होतो, पण शंभर वर्षं उशिराच्या.

आता खरी मेख पृष्ठभागात आहे. सँडपेपरने घासून काचेसारखं करू नकोस. रंधा मारून सोडलेल्या फळीवर बोट फिरवलं तर हलक्या लाटा लागतात, तिरप्या उजेडात दिसतात, आणि माहीतगार माणूस पेटीत सगळ्यात आधी तेच बघतो. फळी गोल करवतीवर कापलेली असेल तर तिचे कमानीसारखे ओरखडे राहतात, ते रंध्याने पूर्ण काढ, ती करवत अठराव्या शतकाच्या शेवटाकडची. आतली, तळाखालची बाजू ओबडधोबड ठेवलीस तर उलट जास्त खरं. ओक वापरलास तर एक लक्षात ठेव, लोखंडी खिळ्याभोवती काळे डाग पडणार, तीच वरची टॅनिनची गंमत. काहींना तो डाग आवडतो. मला आवडतो.

वरून जवसाचं तेल, किंवा पाइनचं डांबर आणि तेल निम्मं-निम्मं. तेलाच्या चिंध्या बोळा करून कोपऱ्यात टाकायच्या नाहीत. जवसाचं तेल वाळताना गरम होतं आणि बोळ्यातली उष्णता बाहेर जात नाही, चिंधी आपोआप पेट घेते, हे खरं आहे, ऐकीव नाही. पसरून वाळव किंवा पाण्याच्या डब्यात बुडव.

प्रश्न: लाकडी वाट्या-ताटल्यांना काय लावावं? यातच जेवायचं आहे.

कच्चं जवसाचं तेल किंवा अक्रोडाचं, पातळ हात, वाळायला पुष्कळ दिवस. दुकानातल्या ‘बॉइल्ड’ लिहिलेल्या तेलात धातूंची वाळवणारी द्रव्यं असतात, ते जेवणाच्या भांड्याला नको. ग्रुपमध्ये कुणाला अक्रोडाची अ‍ॅलर्जी आहे का विचारून घ्या. लाकूड बीच, मेपल असलं बारीक छिद्रांचं, ओकच्या वाटीतून पातळ पदार्थ झिरपतो.

प्रश्न: ग्रुपमध्ये मला लाकडी पायाचा चाचा करायचाय. हे तरी खरं होतं का, का तेही चित्रकाराचंच?

खरं होतं, पण तुमच्या काळाच्या आधीचे दोन सगळ्यात प्रसिद्ध. फ्रान्स्वा ल क्लेर, फ्रेंच, टोपणनावच ‘लाकडी पाय’, याने 1554 मध्ये सान्तियागो दे कुबा लुटलं. दुसरा डच कॉर्नेलिस योल, 1641 मध्ये वारला, त्यालाही स्पॅनिश आणि पोर्तुगीज तेच म्हणायचे. पाय जाणं ही काही दुर्मिळ गोष्ट नव्हती, म्हणून भरपाईचे दरच ठरलेले असायचे. एक्स्केमेलिन हा स्वतः बकनिअरांबरोबर, म्हणजे कॅरिबियन समुद्रातल्या लुटारूंबरोबर, होता, त्याचं पुस्तक 1678 मध्ये अ‍ॅमस्टरडॅमला डचमध्ये आलं, त्यात उजवा हात गेला तर सहाशे स्पॅनिश चांदीची नाणी किंवा सहा गुलाम, डावा हात किंवा उजवा पाय गेला तर पाचशे, डावा पाय चारशे, डोळा शंभर. गुलाम नाण्यांसारखे मोजलेत, ते वाचताना पोटात ढवळतं, पण त्या काळाची गोष्ट सांगताना हा भाग गाळू नका.

बनवायचा तर गुडघा वाकवून टेकवायचा प्रकार: वर लाकडाची खोलगट बैठक, आत लोकर भरलेली चामड्याची गादी, मांडीच्या दोन्ही बाजूंनी वर जाणाऱ्या पट्ट्या, दोन वाद्या आणि बक्कल, खाली दांडा. दांडा अ‍ॅशचा, हातोडीचे दांडे ज्याचे करतात तो, धक्का सोसतो. दांड्याच्या टोकाला जाड सोलचं चामडं, आणि त्याच्या आत चपटा रबराचा तुकडा लपवला तर मी बघितलं नाही असं म्हणेन, ओल्या फरशीवर घसरून खरा पाय मोडण्यापेक्षा बरं. मागे दुमडलेली पोटरी लांब कोटाखाली लपते. रक्त थांबतं, मुंग्या येतात, तेव्हा थोड्या थोड्या वेळाने सोडायचा, आणि जिन्यावर अजिबात नाही. बैठक तुमच्या गुडघ्याच्या मापाचीच हवी, उसनी घेऊ नका.

प्रश्न: अस्सल वस्तूंचे फोटो कुठले बघावेत? नेटवर सगळं विकायचंच दिसतं.

जहाजांच्या अवशेषांपासून सुरुवात करा, कारण जहाज एका दिवशी बुडतं, त्यातली प्रत्येक वस्तू निदान त्या तारखेपर्यंत होती हे नक्की. बेलमीचं व्हिडा केप कॉडजवळ 26 एप्रिल 1717 ला बुडालं, 1984 मध्ये सापडलं. त्यातला एक लहानसा काळा बूट आणि रेशमी मोजा जरूर बघा, तो जॉन किंग नावाच्या नऊ-दहा वर्षांच्या पोराचा मानतात, जो आपणहून चाच्यांत गेला. तेवढा एक बूट बघितला तरी टाच, नाक, बक्कलच्या वाद्या सगळं समजतं. आणि त्या काळच्या बुटांत डावा-उजवा नसायचा, दोन्ही एकाच सरळ फर्म्यावर (बूट ज्यावर शिवतात तो लाकडी साचा), हे विसरू नका. ब्लॅकबिअर्डचं क्वीन अ‍ॅन्स रिव्हेंज 1718 मध्ये नॉर्थ कॅरोलायनाला अडकलं, 1996 मध्ये सापडलं. ला बेल हे फ्रेंच जहाज 1686 चं, टेक्ससच्या किनाऱ्याला, तिथे चिखलात पेट्या आणि पिंपं टिकली.

इंग्लंडचं मेरी रोज आणि स्वीडनचं वासा ही दोन्ही जहाजं लाकूड-चामड्याची खाण आहेत, वाडगे, कंगवे, बूट, चमचे, पण एक 1545 मध्ये बुडालं आणि दुसरं 1628 मध्ये. लाकडी वाडगा शतकभरात फारसा बदलत नाही, तो बिनधास्त घ्या. बूट बदलतो, तो घेऊ नका.

प्रश्न: पेटीला पाइनचं डांबर लावलं. तीन आठवडे झाले, वास जात नाही. घरचे म्हणतात पेटी किंवा तू.

अजून दोन महिने तरी राहील. उन्हात, वाऱ्यात, झाकण उघडं ठेवून बाहेर काढा, हात चिकटायचे थांबले की आत आणा. पातळ लावायचं होतं आणि जास्तीचं पुसून घ्यायचं होतं, तुम्ही भिंत सारवल्यासारखं लावलंय, फोटोतच चमकतंय. टर्पेंटाइनच्या कापडाने वरचा थर पुसा, चिंधी पाण्यात टाका. आतल्या बाजूला लावलं नाहीये ना? लावलं असेल तर त्यात कपडे ठेवू नका, माझा एक कोट अजून तसाच वास मारतो आणि तंबूत माझ्या शेजारी कुणी झोपत नाही.